गाडी अचानक सुसाट सुटली तर: पाय चुकतो तेव्हा हाताने काय करायचं

9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. माणसं, रिक्षा, दुचाक्या, पुढ्यात येईल ते चिरडत गेली. मृतांचा आकडा पुढे नऊवर गेला. त्या रात्री सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘ब्रेक फेल’. नंतर तपासणीत ब्रेकमध्ये बिघाड सापडला नाही, आणि चर्चा वळली ती दुसरीकडे: क्लचच्या गाड्यांवर पाय बसलेल्या चालकाला ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक बसचं प्रशिक्षण कितपत मिळालं होतं?

असल्या घटना लहान प्रमाणात आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये घडतच असतात. पुण्यात विमाननगरला जानेवारी 2025 मध्ये एक गाडी रिव्हर्समध्ये पहिल्या मजल्यावरच्या पार्किंगची भिंत फोडून खाली पडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत नव्या गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं, ते चिरडताना गाडी शोरूमची काच फोडून पहिल्या मजल्यावरून खाली गेली. लिंबू चिरडायला ऑटोमॅटिक गाडीला रेस द्यावीच लागत नाही, ब्रेक हलकेच सोडला की ती आपसूक सरकते. पण हे पहिल्या दिवशी सांगणार कोण? येत्या दसऱ्याला किंवा पाडव्याला कुणी ऑटोमॅटिक घेणार असेल तर निदान एवढं तरी त्यांच्या कानावर घाला.

आमचे गॅरेजवाले मेस्त्री म्हणतात, “ब्रेक फेल म्हणून आलेल्या गाडीचे ब्रेक मी आधी बघतच नाही. आधी खाली वाकून मॅट बघतो, मग चालवणाऱ्याची चप्पल.” थोडं खडूस आहे, पण क्रम बरोबर आहे.

दोष नेहमी चालवणाऱ्याचाच का?

नाही. पण दोन्ही बाजू ठाऊक असाव्यात. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ऑडी 5000 वर गाडी आपोआप सुटत असल्याचे आरोप झाले. 1989 मध्ये तिथल्या सरकारी संस्थेचा निष्कर्ष आला की बहुतेक वेळा पाय चुकीच्या पेडलवर पडत होता. ब्रेक दाबल्याशिवाय ‘पी’मधून, म्हणजे पार्कमधून, लिव्हर हलत नाही, ही आजच्या प्रत्येक ऑटोमॅटिकमधली अडवणूक त्याच सुमारास रूढ झाली.

दुसरी बाजू 2009 ची. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ टोयोटाच्याच लेक्सस ब्रँडच्या एका गाडीत चौघे गेले. गाडी चालवणारा हायवे पोलीस दलातला, म्हणजे नवशिका नव्हे. त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलचं रबरी मॅट टाकलेलं होतं आणि ॲक्सिलरेटर त्याच्या कडेखाली अडकला होता. त्यानंतर टोयोटाने मॅट आणि चिकटणारे पेडल या दोन्ही कारणांसाठी लाखो गाड्या परत बोलावल्या. 2011 मध्ये नासाच्या अभ्यासकांना इलेक्ट्रॉनिक्समध्ये कारण सापडलं नाही. मात्र 2013 मध्ये ओक्लाहोमाच्या ज्युरीने सॉफ्टवेअरच्या मुद्द्यावर कंपनीविरुद्ध कौल दिला, आणि 2014 मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीला अमेरिकी सरकारला 1.2 अब्ज डॉलर मोजावे लागले. तेव्हा ‘गाडी कधीच चुकत नाही’ म्हणणाऱ्या सेल्समनला हा इतिहास जरूर ऐकवा.

तुमच्यापुरता प्रश्न मात्र वेगळा आहे. गाडी सुटली त्या क्षणी कारण शोधायला वेळ नसतो. कारण काहीही असलं तरी लागू पडेल अशी एकच कृती हाताशी हवी.

ब्रेक किती ताकदवान, आणि कुठे हात टेकतात

गाडी आणि माणसं मिळून 1400 किलो, वेग ताशी 100. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक मारला तर त्या क्षणी चारही चाकांचे ब्रेक मिळून साधारण 300 किलोवॅट ताकद शोषतात. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकचं इंजिन देतं 60-70 किलोवॅट. म्हणजे ठणठणीत ब्रेक आणि पूर्ण रेस यांची झुंज लागली तर ब्रेक सहज जिंकतात. टोयोटाच्या गदारोळात एका अमेरिकी मोटार मासिकाने हे करून पाहिलं होतं. ताशी 112 किलोमीटरवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला ठेवून ब्रेक मारला, तर व्ही-सिक्स इंजिनाची कॅमरी 174 ऐवजी 190 फुटांत थांबली. फरक सोळा फुटांचा.

मग सॅन डिएगोला ब्रेक का हरले? ब्रेक जिंकतात ते पहिल्या झटक्यात, पूर्ण जोराने दाबले तर. अर्धवट दाबून, सोडून, पुन्हा दाबून नव्हे.

पेट्रोल गाडीत तुमच्या पायाचा जोर वाढवणारा एक डबा असतो, ब्रेक बूस्टर. तो इंजिनाने हवा ओढल्यामुळे तयार होणाऱ्या निर्वातावर चालतो. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडला की तो निर्वात जवळजवळ नाहीसा होतो. डब्यात उरलेल्या साठ्यावर एक-दोनदा, फार तर तीनदा ब्रेक नीट लागतो. घाबरून पेडल पंप केलं की तो साठाही संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. ‘ब्रेक दाबला पण लागेचना’ या तक्रारीत कधीकधी हेही दडलेलं असतं. डिझेल गाड्यांत आणि बऱ्याच टर्बो पेट्रोलमध्ये वेगळा पंप असतो, तिथे ही अडचण कमी.

दुसरी मर्यादा उष्णतेची. रेस चालू असताना ब्रेक हलका धरून ठेवला तर डिस्क तापतात, पॅडची पकड सुटते. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल, म्हणजे हवेतला ओलावा पिऊन बसलेलं, तर ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. मुंबईच्या दमट हवेत दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं ही चैन नव्हे. सर्व्हिस सेंटरवाले ‘टॉप-अप केलंय’ म्हणतात, ते बदलणं नसतं. बिलावर तसं लिहिलंय का ते बघा.

आता इलेक्ट्रॉनिक रखवालदार. त्यांच्यावर लोकांचा गरजेपेक्षा जास्त विश्वास आहे असं माझं मत आहे.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले गेले तर इंजिनाची ताकद तोडायची, ही सोय आता पुष्कळ गाड्यांत असते. मॅट अडकलं तर ती जीव वाचवते. पण त्यासाठी तुमचा पाय ब्रेकवर असावा लागतो. पाय चुकून ॲक्सिलरेटरवरच असेल तर संगणकाच्या दृष्टीने तुम्ही हौसेने ओव्हरटेक करताय. समोर अडथळा दिसला की आपोआप ब्रेक मारणाऱ्या एईबीचंही तेच: बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर जोरात दाबला की ती माघार घेते, कारण शेवटचा शब्द चालवणाऱ्याचा असावा असंच तिचं डिझाइन आहे. एबीएस गाडी थांबवत नाही, थांबताना चाकं लॉक होऊ देत नाही. आणि जुलै 2019 पासून सक्तीचे झालेले मागचे पार्किंग सेन्सर नुसते ओरडतात.

पाय चुकला तरी कामाला येणारी यंत्रणा जपानने मनावर घेतली आहे. टोकियोच्या इकेबुकुरोत एप्रिल 2019 मध्ये 87 वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली आई आणि तीन वर्षांची मुलगी गेली. तोही कोर्टात गाडीचाच दोष सांगत राहिला. 2021 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. आता तिथे नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना सप्टेंबर 2028 पासून अशी यंत्रणा सक्तीची होते आहे. समोर भिंत किंवा गाडी असताना उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर कुणी धाडकन दाबला तर ती तो हुकूम मानत नाही. मात्र हेही उभ्या गाडीपुरतं.

आज रात्री पार्किंगमध्ये दहा मिनिटं

गाडी ‘पी’मध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. दार उघडून खाली वाका आणि मोबाइलचा टॉर्च मारा.

चालकाच्या पायाखाली एकच मॅट हवं. आपल्याकडे तीन थर असतात: कंपनीचं कार्पेट, त्यावर बाजारातलं सेव्हन-डी मॅट, त्यावर पावसाळ्यासाठी रबरी ट्रे. जून उजाडला की त्यावर आदल्या दिवशीचा पेपर. ओला पेपर पायाने पुढे सरकत जातो आणि गोळा होऊन पेडलच्या बुडाशी बसतो. कधी काढून बघा, गठ्ठाच्या गठ्ठा निघतो. सगळं काढा. जे मॅट ठेवाल ते खालच्या हुकात अडकलेलं हवं. हुक नसेल तर मॅटच नको.

आता हाताने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबा आणि सोडा. तो झटकन, आवाज करत वर यायला हवा. रेंगाळला किंवा मॅटची कड घेऊन आला, तर गाडी उद्या गॅरेजला. हेच ब्रेकचं करा. मग सीटखाली हात घाला. पाण्याची बाटली, छत्री, पोरांचा चेंडू, जे काही घरंगळत पुढे येऊ शकतं ते मागे डिकीत. ब्रेक पेडलखाली आडवी पडलेली बाटली हा ‘ब्रेक फेल’चा सर्वांत स्वस्त प्रकार आहे.

यानंतर बूस्टरची परीक्षा. इंजिन बंद असतानाच ब्रेक चार-पाच वेळा पूर्ण दाबा. पेडल कडक होत जाईल. ते कडक पेडल पायाखाली नीट अनुभवा. साठा संपल्यावर ब्रेक असाच लागतो. आता पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू करा. पेडल पायाखाली थोडं आत गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा त्याची नळी दाखवून घ्या.

शेवटी सीट. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. टाच ब्रेकच्या समोर टेकवायची आणि ॲक्सिलरेटरसाठी फक्त पंजा उजवीकडे वळवायचा. टाच ॲक्सिलरेटरच्या समोर असेल तर घाईत पंजा ब्रेकपर्यंत पोचत नाही, कडेवरून निसटतो. घरात दोघं-तिघं चालवत असतील तर प्रत्येकाने बसल्या बसल्या आपलं अंतर लावून घ्यायचं.

कुठे पाय चुकतो

हायवेवर क्वचित. चुकतो तो सरकत्या वेगात, अंग वळलेलं असताना. मॉलच्या पार्किंगचं तिकीट घ्यायला उजवीकडे खिडकीबाहेर वाकलात की टाच उचलली जाते. अशा वेळी आधी ‘पी’ टाका, मग वाका. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. रिव्हर्समध्ये मान मागे वळवताना तेच. पोडियमच्या चढावर, खांबांच्या मध्ये, स्टॅक पार्किंगच्या लोखंडी पाटावर चढवताना चाक अडतं, आपण रेस वाढवतो, चाक पाटावर चढतं आणि गाडी उडी मारते. तिथे अर्धा इंच रेस आणि ब्रेकवर जायची तयारी, एवढंच. गाडी अडली तर उतरून पाट नीट बसलाय का बघा.

वयस्कर आई-वडील क्लचच्या गाडीवरून थेट ऑटोमॅटिकवर आले असतील तर त्यांना पहिले काही दिवस मोकळ्या जागेत चालवू द्या. डावा पाय मोकळा असतो, तो क्लच समजून ब्रेकवर आदळतो. गाडी गचकन थांबते, माणूस गडबडतो आणि उजवा पाय दाबतो. डावा पाय कडेच्या टेकूवर, तिथून हलायचा नाही. आणि पावसाळी प्लास्टिकच्या चपला, मागे पट्टा नसलेल्या, चालवताना नकोत.

क्रूझ कंट्रोलचा एक खास मुंबईकर प्रकार आहे. अटल सेतूवर अंतर राखणारं क्रूझ 100 वर लावलंय, पुढे ट्रक आहे म्हणून गाडी 60 वर आली. तुम्ही उतारमार्गावर वळलात, ट्रक सेन्सरसमोरून गेला, आणि गाडी पुन्हा 100 गाठायला धावली. हा बिघाड नव्हे, दिलेला हुकूम आहे. वळणमार्ग यायच्या आत क्रूझ बंद करा.

सुटलीच तर

क्लचची गाडी असेल तर क्लच दाबा, इंजिन चाकांपासून सुटलं. ऑटोमॅटिकमध्ये तो क्लच तुमच्या डाव्या हातात आहे, त्याचं नाव न्यूट्रल.

पहिली गोष्ट, पाय उचला. पूर्ण, सगळ्यावरून. हे उलटं वाटेल, पण पाय चुकीच्या पेडलवर असेल तर दुरुस्ती एवढीच असते. पाय चुकलेल्या माणसाला तो चुकलाय हे कळत नाही. गाडी थांबत नाही म्हणून तो आणखी जोर लावतो. ‘इंजिन ओरडतंय आणि मी दाबतोय’ असं वाटलं की पाय वर.

त्याच क्षणी हात ‘एन’वर. सरळ लिव्हरच्या बहुतेक गाड्यांत ‘डी’वरून एक घर पुढे ढकललं की एन येतो, बटण दाबावं लागत नाही, आणि बटण न दाबता लिव्हर ‘आर’मध्ये जात नाही. एएमटीत, म्हणजे क्लच-गिअरचं काम यंत्राने करणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, काहींत लिव्हरची चाल आडवी असते. फिरत्या नॉबवाल्या गाड्यांत एन क्षणभर धरून ठेवावा लागतो. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडेल. ओरडू द्या, वेग मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी सोय त्यात असते.

मग ब्रेक. एकदाच, असेल नसेल ती ताकद लावून, वाटलं तर दोन्ही पायांनी, आणि गाडी उभी राहीपर्यंत सोडायचा नाही. पंप करायचा नाही.

एन लागतच नसेल तर इंजिन बंद करा. बटणाच्या बऱ्याच गाड्यांत चालत्या गाडीत एकदा दाबून काही होत नाही. साधारण तीन सेकंद दाबून धरावं लागतं किंवा भराभर तीनदा दाबावं लागतं. तुमच्या गाडीचं मॅन्युअल आज उघडून बघा. चावीची गाडी असेल तर एकच घर मागे. चावी काढलीत तर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद पडल्यावर स्टिअरिंग जड होतं, वळतं मात्र. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकचं बटण ओढून धरलं तर बऱ्याच गाड्या त्यालाही आणीबाणीचा ब्रेक मानतात. हाताचा जुना लिव्हर फक्त मागच्या चाकांना लागतो, तो हळूहळू ओढा.

हॉर्न दाबलेलाच ठेवा. काहीच जमलं नाही आणि कुठेतरी आदळायचंच असेल तर समोरून नको, कडेने घासत: हायवेचा काँक्रीट दुभाजक, पार्किंगची लांब भिंत.

जुन्या डिझेलचा एक अपवाद. टर्बोच्या सीलमधून इंजिन ऑइल आत गेलं की इंजिन त्याच तेलावर धावत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. मागून पांढरा-निळा धूर लोटतो. क्लचची गाडी थांबवून वरचा गिअर टाका, ब्रेक दाबून धरा आणि क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडेल. ऑटोमॅटिक असेल तर उभी करा आणि सगळ्यांना घेऊन लांब जा.

ही सवय बसायला गाडी पळवायची गरज नाही. उभ्या गाडीत, पाय ब्रेकवर, डोळे समोर, हात डीवरून एनवर. न बघता जमेपर्यंत. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी 30 ने, रेस सोडून, एकदा-दोनदा. रविवारी सकाळी बीकेसी रिकामं वाटतं, पण सायकलवाले आणि धावणारे असतात, तेव्हा मागचा आरसा आधी.

इलेक्ट्रिक गाडी

इलेक्ट्रिक गाडीत बूस्टरला इंजिनाची गरज नसते, म्हणून पूर्ण रेसवरही ब्रेक नरमच राहतो. पण मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, आवाजही करत नाही, त्यामुळे चूक कळायला उशीर होतो. रेस सोडली की गाडी आपोआप मंदावते, म्हणून एका पेडलवर चालवायची सवय झाली की पाय कायम ॲक्सिलरेटरवरच असतो, आणि दचकल्यावर माणूस पायाखाली आहे तेच दाबतो. नवी गाडी घेतल्यावर ती सोय आधी कमी पातळीवर ठेवा. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना रेस सोडल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही, हेही सोसायटीच्या उतारावर लक्षात असू द्या.

आदळल्यानंतर

कुणी जखमी असेल तर 112 आणि दवाखाना, बाकी सगळं नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे जखमीला मदत करणं आणि पोलिसांना 24 तासांच्या आत कळवणं चालकावर बंधनकारक आहे.

नुसती गाडीच ठोकली असेल तर ती पुन्हा चालू करू नका. पेडल, मॅट, लिव्हर, मीटरवरचे दिवे, जसे आहेत तसे फोटो काढा. टोइंगवाला आला की मॅट सगळ्यात आधी हलतं. सर्व्हिस सेंटरला लेखी सांगा की संगणकातले कोड पुसायचे नाहीत आणि आदळण्याआधीच्या सेकंदांची नोंद असेल तर ती काढून द्यायची. त्या नोंदीत ब्रेक दाबला होता की ॲक्सिलरेटर, हे बहुधा दिसतं. ते तुमच्या विरुद्धही जाऊ शकतं, तरी मागाच. उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

तुमच्या मॉडेलच्या गाड्या कधी परत बोलावल्यात का, हे केंद्राच्या वाहन पोर्टलवर बघता येतं. गाडी सेकंडहँड असेल तर कंपनीचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं. आरसी बुकावरचा चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि या नंबरावर काही काम बाकी आहे का, एवढंच विचारा.